जुन्या लॅपटॉपची मंदगती : स्वरूप, कारणे व उपाय

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतांश भाग औरंगाबाद जिल्ह्यात व परतूरकडील भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. राज्यकारभाराच्या सीमा अशा बदलत असल्या, तरी बोलींच्या सीमा त्यांच्यामागून सरकत नाहीत. भोकरदन, जाफराबाद व मंठा हे तालुके बुलढाणा जिल्ह्यास लागून असल्याने तेथील बोलीस वऱ्हाडीचा शेजार लाभला आहे. दक्षिणेस अंबड व घनसावंगी या तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते व तिच्या पैलतीरी बीड जिल्हा लागतो. तांड्यांवरील बंजारा व शहरांतील दखनी उर्दू यांचाही वावर या प्रदेशात आहे. बोलींच्या अभ्यासकास असा संधिप्रदेश मोलाचा वाटावा, यात नवल नाही.

या अभ्यासाचे साधन पूर्वी वही व पेन्सिल हे होते. आज त्यांच्या जोडीस ध्वनिमुद्रक व लॅपटॉप आले आहेत. विद्यार्थ्याजवळचा लॅपटॉप पुष्कळदा आठ-दहा वर्षांचा, ४ जीबी रॅमचा व फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचा असतो. गावोगावी हिंडून जमविलेली मुद्रणे त्यावर उघडली की यंत्र अडखळू लागते, एक खिडकी उघडण्यास मिनिट-मिनिट लागते, आणि 'हा आता बाद झाला' असा निर्णय दिला जातो. या निर्णयाची किंमत लहान नाही. नवा लॅपटॉप घेणे परवडत नाही; म्हणून मुद्रणे ऐकण्याचे काम लांबते, प्रतिलेखन अर्धवट राहते, आणि प्रबंधाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. हा निर्णय अनेकदा चुकीचा असतो हे दाखविणे व योग्य निर्णयाप्रत कसे यावे ते सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

१. एका शब्दाचे दोन अर्थ

चुकीच्या निदानाचे मूळ बऱ्याच अंशी एका शब्दात आहे. 'मेमरी भरली' असे मराठीत आज सर्रास म्हटले जाते. हा शब्दप्रयोग मोबाइल फोन व मेमरी कार्ड यांच्याबरोबर रूढ झाला, आणि तेथे 'मेमरी' म्हणजे छायाचित्रे व गाणी साठविण्याची जागा. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हा एकच शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंना लागतो. त्यांपैकी एक म्हणजे साठवण : हार्ड डिस्क किंवा एसएसडी. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर राहतो. दुसरी म्हणजे रॅम. चालू कामास लागणारी सामग्री यंत्र तेवढ्यापुरती रॅममध्ये मांडते; यंत्र बंद होताच ती पुसली जाते.

घरातील उपमा द्यावयाची तर साठवण हे पुस्तकांचे कपाट व रॅम हे लिहिण्याचे मेज होय. मेज लहान असेल, तर कपाटातील जुनी पुस्तके रद्दीत घातल्याने ते मोठे होत नाही. परंतु यंत्र मंद झाले की विद्यार्थी नेमके हेच करतो : छायाचित्रे पुसतो, जुन्या फायली काढून टाकतो, आणि तरीही वेग वाढत नाही म्हणून यंत्रास दोष देतो. साठवण अगदी काठोकाठ भरली असेल तरच असे पुसणे उपयोगी पडते. एरवी त्याने वेग तर येत नाहीच, उलट घाईत एखादे मोलाचे मुद्रण गमावण्याचा धोका मात्र उत्पन्न होतो.

२. मंदगती कशी उत्पन्न होते

मेज लहान व काम मोठे ही अडचण नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाच्या मुख्य स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. ही स्मृती आजच्या हिशेबाने १०,२४० बाइट भरते. ४ जीबी रॅम म्हणजे तिच्या सुमारे ४ लाख १९ हजार पट. तरीही आज ती अपुरी पडते, याचे कारण रॅम झिजली हे नसून तिच्याकडून होणाऱ्या अपेक्षा वाढल्या हे आहे. आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आठ वर्षांपूर्वीचे काम आजही त्याच वेगाने करू शकतो. परंतु आजचा ब्राउझर व आजची कार्यप्रणाली त्या मापाने शिवलेली नसते.

अपुऱ्या स्मृतीवर एक युक्ती १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठातील 'ॲटलस' या संगणकात प्रत्यक्षात आली. मुख्य स्मृतीचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडावयाचे. त्यांस 'पाने' म्हणतात. ज्या पानांची तूर्त गरज नाही ती संथ परंतु मोठ्या साठवणीवर ठेवावयाची, आणि गरज पडताच परत आणावयाची. यामुळे कामास असे भासते की स्मृती प्रत्यक्षाहून पुष्कळ मोठी आहे. आजचा प्रत्येक लॅपटॉप हीच युक्ती वापरतो.

युक्ती चांगली असली तरी तिला मर्यादा आहे. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली ती स्पष्ट केली. कोणत्याही कामास एका वेळी पानांचा एक विशिष्ट संच हाताशी लागतो. हा संच स्मृतीत मावत असेल तोवर सर्व सुरळीत चालते. तो मावेनासा झाला की एक पान आणण्यासाठी दुसरे बाहेर टाकावे लागते, आणि पुढच्याच क्षणी ते टाकलेले पान हवे होते. यंत्र मग काम न करता नुसती ने-आण करीत बसते. या अवस्थेस 'थ्रॅशिंग' असे म्हणतात. तिचे लक्षण असे की वेग हळूहळू उतरत नाही. एका मर्यादेपर्यंत तो ठीक असतो व ती ओलांडताच एकाएकी कोसळतो. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास याचे समांतर उदाहरण परिचित आहे. वाक्याच्या पोटात वाक्य, त्याच्या पोटात आणखी एक, अशी रचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही श्रोत्याच्या स्मृतीत मावत नाही व अर्थबोध एकदम तुटतो, हे मिलर व चॉम्स्की यांनी १९६३ साली दाखविले. तेथे दोष व्याकरणाचा नसतो. येथे तो यंत्राचा नसतो.

ही ने-आण इतकी महाग का पडते, हे आकड्यांवरून कळते. स्थूलमानाने पाहता रॅममधून एखादी गोष्ट मिळण्यास १०० नॅनोसेकंद, एसएसडीवरून मिळण्यास १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून मिळण्यास १० मिलिसेकंद लागतात. हे माप माणसाच्या आवाक्यात आणावयाचे तर असे समजावे की मेजावरचा कागद उचलण्यास एक मिनिट लागते. त्या मानाने एसएसडीवरचा कागद हाती येण्यास १६ तास ४० मिनिटे, आणि हार्ड डिस्कवरचा येण्यास ६९ दिवसांहून अधिक काळ लागेल. एका कागदास दोन महिन्यांहून अधिक काळ लागत असेल, तर मेजावरील माणूस कितीही कार्यक्षम असून काय उपयोग?

३. रॅम कशाने भरते

प्रबंधाची फाइल मोठी झाल्यामुळे यंत्र मंदावले, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. तिची परीक्षा करणे सोपे आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'क्ष' हे जोडाक्षर क, हलन्त व ष अशा तीन चिन्हांचे असल्याने ९ बाइट घेते. एका पानावर २००० चिन्हे धरली, तर ३०० पानांच्या प्रबंधाचा निव्वळ मजकूर १८ लाख बाइट, म्हणजे २ एमबीपेक्षाही कमी भरतो. भार मजकुराचा नसतो.

भार असतो तो ध्वनीचा, चित्रांचा व ब्राउझरचा. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, अशा एकपदरी मुद्रणाचा एक तास साठवणीवर सुमारे ३१८ एमबी जागा घेतो. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोअर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेल्या 'प्रात' या ध्वनिविश्लेषणाच्या प्रणालीत ते नेहमीच्या रीतीने उघडले, तर प्रत्येक नमुना ६४ बिटांचा होऊन रॅममध्ये जातो. तोच तास आता सुमारे १.२७ जीबी व्यापतो. मुद्रण दुपदरी असेल तर २.५४ जीबी. ४ जीबी रॅमच्या यंत्रात कार्यप्रणाली व तिचा परिवार यांनी अर्धीअधिक जागा अगोदरच अडविलेली असते. तेव्हा मंठ्याच्या आठवडी बाजारात घेतलेले तासाभराचे दुपदरी मुद्रण उघडताच यंत्र थांबते, यात अनपेक्षित असे काही नाही.

चित्रांचेही तसेच आहे. ए-४ आकाराचे पान इंचास ३०० ठिपके या प्रमाणात रंगीत स्कॅन केले, तर त्यात सुमारे ८७ लाख ठिपके असतात व पडद्यावर उलगडताना ते सुमारे २६ एमबी होते. शोधगंगेवरील स्कॅन केलेले चार प्रबंध ब्राउझरच्या चार टॅबमध्ये एकाच वेळी उघडे ठेवणाऱ्यास हा हिशेब ठाऊक असणे बरे.

४. निदान

उपायापूर्वी निदान करावे, हा वैद्यकाचा नियम येथेही लागू आहे. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता 'टास्क मॅनेजर' उघडतो. यंत्र मंद झाले असेल नेमके त्याच वेळी त्यातील प्रोसेसर, मेमरी व डिस्क हे तीन आकडे पाहावेत. तीन स्थिती संभवतात.

पहिली स्थिती : मेमरी ९० टक्क्यांच्या वर व डिस्क १०० टक्क्यांच्या जवळ. ही वर वर्णिलेली ने-आण होय. दोष रॅमच्या अपुरेपणाचा. दुसरी स्थिती : मेमरी बेताची, परंतु डिस्क सतत १०० टक्के. येथे पार्श्वभूमीवर चाललेली विषाणुतपासणी, अद्ययावतीकरण, किंवा खुद्द हार्ड डिस्कचा बिघाड यांचा संशय घ्यावा. डिस्कमधून खडखड असा आवाज येत असेल, तर दुसरे सर्व काम थांबवून प्रथम मुद्रणांची प्रत काढावी. तिसरी स्थिती : मेमरी व डिस्क दोन्ही मोकळ्या, यंत्र मात्र तापलेले. प्रोसेसर अतितप्त झाल्यास स्वतःच आपली गती उतरवितो. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, गादीवर ठेवलेल्या व पंख्यात धूळ साचलेल्या लॅपटॉपची ही नित्याची अवस्था असते. त्यावर उपाय पंखा साफ करणे व यंत्र कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवणे हाच होय; येथे रॅम वाढवून काहीही साधणार नाही.

५. खर्चाविना करावयाचे उपाय

यंत्रास हात लावण्यापूर्वी मुद्रणांच्या दोन प्रती वेगळ्या साधनांवर कराव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या वास्तूत ठेवावी. प्रबंधाचे प्रकरण पुन्हा लिहिता येते. वयोवृद्ध निवेदकाचे बोलणे पुन्हा मुद्रित करता येईलच असे नाही.

त्यानंतरचे सर्व उपाय एकाच तत्त्वावर उभे आहेत : त्या क्षणाच्या कामास लागणारा संच रॅममध्ये मावेल इतका लहान ठेवावा. यंत्र सुरू होताच आपोआप सुरू होणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' या विभागातून बंद करावेत. दोन विषाणुरोधक प्रणाली एकत्र नांदवू नयेत. ब्राउझर एकच ठेवावा, त्याची अनावश्यक जोडपत्रे काढावीत आणि प्रतिलेखन चालू असताना तो पूर्ण बंद करावा. 'प्रात'मध्ये मोठे मुद्रण 'ओपन लाँग साउंड फाइल' या आज्ञेने उघडावे. तसे केले असता सबंध मुद्रण रॅममध्ये न जाता हवा तेवढाच भाग साठवणीवरून वाचला जातो. विश्लेषणापुरता एखाद्या मिनिटाचा तुकडा वेगळा काढून घ्यावा. बोलीच्या एका निवेदकाचे मुद्रण बहुधा एकपदरी पुरते; दुपदरी मुद्रणाने भार दुप्पट होतो. अर्थात मूळ मुद्रण जसेच्या तसे जपून ठेवावे व हे सर्व प्रयोग त्याच्या प्रतीवर करावेत.

साठवणीचा साधारण पंधरा ते वीस टक्के भाग मोकळा असावा, कारण पानांची ने-आण करण्यासही जागा लागते. विंडोज १० मध्ये 'शट डाउन' केले असता कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिती बहुधा डिस्कवर जपली जाते व पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. तेव्हा यंत्रास खरोखर नव्याने सुरू करावयाचे असल्यास 'रीस्टार्ट' करावे.

काही प्रचलित उपाय मात्र टाळावेत. रॅम 'साफ' करण्याचे आश्वासन देणाऱ्या प्रणाली चालू पाने बळाने साठवणीवर ढकलतात. आकडा क्षणभर उतरतो. परंतु तीच पाने लगेच परत आणावी लागतात, म्हणजे रोगच वाढतो. साठवणीवरील 'पेज फाइल' बंद करण्याचा सल्लाही अनिष्ट आहे, कारण जागा संपताच चालू काम जतन न होता बंद पडण्याची भीती असते. विखुरलेल्या फायली सलग लावण्याची क्रिया फिरत्या हार्ड डिस्कवर उपयोगी पडते. एसएसडीवर तिची गरज नसते.

६. अल्प खर्चाचे उपाय

एवढ्याने भागले नाही, तर दोन सुटे भाग बदलण्याचा विचार करावा. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास ने-आण थांबत नाही, परंतु वर दिलेल्या मापानुसार तिचा खर्च शंभरपट उतरतो. यंत्र सुरू होणे, प्रणाली उघडणे व फाइल जतन होणे या सर्वच क्रियांत हा फरक जाणवतो. रॅम वाढविल्यास मूळ कारणच दूर होते. पहिल्या स्थितीतील यंत्रास दोन्ही उपाय लाभदायक असले, तरी डिस्क फिरती असेल व एकच खर्च झेपणार असेल, तर बहुधा एसएसडीपासून आरंभ करणे इष्ट. कारण तिचा लाभ प्रत्येक कामात मिळतो व यंत्र बदलले तरी ती बाहेरील साठवण म्हणून वापरता येते.

रॅम विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी निश्चित कराव्यात : तिचा प्रकार डीडीआर३, डीडीआर३एल की डीडीआर४, रिकामा खाचा आहे की नाही, यंत्र जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारते, आणि असलेली रॅम मुख्य फलकास कायमची जोडलेली तर नाही ना. एका प्रकारची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. डीडीआर३ व डीडीआर३एल यांचा आकार सारखा असला तरी पहिलीस १.५ व दुसरीस १.३५ व्होल्ट दाब लागतो. कार्यप्रणाली ३२ बिटांची असल्यास आणखी एक अडचण संभवते. ३२ बिटांनी ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते दर्शविता येतात, म्हणजे नेमके ४ जीबी. नेहमीच्या ३२ बिटी विंडोजला त्यापलीकडची रॅम दिसत नाही. ८ जीबी बसवूनही तिचा उपयोग होत नाही.

७. कार्यप्रणालीचा प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. नाव नोंदविणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांसाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्यांची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठरविण्यात आली. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम ही किमान अट असली, तरी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व नव्या पिढीचा प्रोसेसर याही अटी आहेत. २०१८ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप त्यांत बसत नाहीत. अशा यंत्रांपुढे लिनक्स हा एक मार्ग उरतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके दर्शनी रूप घेतलेले लिनक्स ४ जीबी रॅमवर समाधानकारक चालते. ते पेन ड्राइव्हवरून, मूळ साठवणीस धक्का न लावता, आधी चालवून पाहता येते. 'प्रात' व 'एलान' या दोन्ही प्रणाली त्यावर उपलब्ध आहेत. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आहे व लिब्रेऑफिसमध्ये प्रबंध लिहिता येतो.

मराठी अभ्यासकाने या स्थित्यंतरापूर्वी एक खबरदारी अवश्य घ्यावी. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसत असला, तरी आत बहुधा रोमन व इतर चिन्हांचे संकेतांकच असतात. तो टंक नसलेल्या यंत्रावर सबंध प्रकरण निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसते. म्हणून असा सर्व मजकूर जुनी व्यवस्था चालू असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि मूळ पानाशी ताडून पाहावा. रफार, जोडाक्षरे व पहिली वेलांटी यांच्या स्थानी अशा रूपांतरात चुका राहतात. बोलीच्या नमुन्यांत त्या राहिल्यास पुढील अभ्यासक त्यांस उच्चारविशेष समजण्याचा संभव आहे.

८. मर्यादा

या सर्व उपायांनी प्रत्येक जुने यंत्र उपयोगी होईलच, असे म्हणता येणार नाही. रॅम २ जीबीच असून ती फलकास कायमची जोडलेली असेल, किंवा चलच्चित्रांचे दीर्घ भाष्यांकन हेच मुख्य काम असेल, तर दुसरे यंत्र घेणे वा विभागातील यंत्र वापरणे याला पर्याय नाही. परंतु बोलीचा शब्दसंग्रह, तासाभराच्या मुद्रणाचे प्रतिलेखन, स्वरांचे मापन व प्रबंधलेखन या कामांस ४ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरेसा आहे. यंत्र बाद ठरविण्यापूर्वी मंदावलेल्या क्षणीचे तीन आकडे लिहून काढावेत व मार्गदर्शकास दाखवावेत. त्या आकड्यांनी रॅमचा दोष सिद्ध होत नसेल, तर रॅमवर एक रुपयाही खर्च करू नये. सिद्ध होत असेल, तर प्रथम उघड्या खिडक्या मिटाव्यात, नंतर सुट्या भागांचा विचार करावा, आणि नव्या यंत्राचा विचार सर्वांत शेवटी करावा.